पाच मिनिटांची मूठ

जुन्या दिवसांबद्दल लिहायला बसलं की 'तेव्हा सगळं संथ होतं, आता नुसती धावपळ' हे वाक्य आपसूक उतरतं. सुरीच्या मुठीपुरतं मात्र ते साफ खोटं आहे. पन्नास वर्षांपूर्वी बंगळूरच्या के. आर. मार्केटमागे लोहाराकडे सुरी टाकली, तर एक विडी ओढून होईपर्यंत मूठ बसून सुरी हातात यायची. आज याच शहरात हौसेनं सुऱ्या घडवणारी तरुण मंडळी मूठ चिकटवतात आणि पुढे चोवीस तास तिला बोटही लावत नाहीत. हे शहर कोथिंबिरीची जुडी दहा मिनिटांत दारात मागवतं, पण मुठीसाठी थांबायला त्याची तयारी आहे. मला याची गंमत वाटते आणि थोडा हेवाही.

मी बेळगावकडचा. सत्तरच्या दशकात इथल्या एका सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये लागलो. त्या काळी बंगळूरला उतरणाऱ्या मराठी माणसाच्या खिशात बहुधा दोन पत्ते असत. एक कुणा नातेवाइकाचा, दुसरा गांधीनगरातल्या महाराष्ट्र मंडळाचा. बिऱ्हाड थाटलं तेव्हा सामानात विळी होती, सुरी नव्हती. विळीला चिकटवाचिकटवीचं काम नाहीच. पातं पाटात खिळून बसवलेलं असतं आणि पाटावर आपण बसलो की ते हलायची सोय उरत नाही. शेजारच्या कन्नड घरातली ईळिगे मणे हीच वस्तू. दोन्ही घरांत सुरी असलीच तर फळं कापायला आणि पार्सलची सुतळी तोडायला.

आमच्याकडे सुरी आली ती मार्केटमागच्या घिसाड्याकडून. ही फिरस्ती लोहार मंडळी महाराष्ट्रात सगळीकडे दिसतात, तशी कर्नाटकातही. आपसात त्यांची गुजराती-राजस्थानी वळणाची बोली, गिऱ्हाइकाशी ज्या गावात असतील त्या गावची. आमच्या घिसाड्याला मी मराठी आहे हे माझ्या मोडक्या कन्नडवरून पहिल्या वाक्यातच कळलं. बाई घण मारत होती, पोरगं भाता चालवत होतं आणि तो स्वतः सांडशीत पातं धरून बसला होता.

मूठ बसवण्याची त्याची रीत अशी. पातं मागे निमुळतं होत जाऊन बोटभर शेपटी उरते. मुठीच्या लाकडाला शेपटीपेक्षा बारीक भोक पाडायचं. तोंडाशी लोखंडी शेंबी चढवायची, नाहीतर शेपटी ठोकताना लाकूड उकलतं. मग भोकात लाखेचा चुरा विटेच्या पुडीत कालवून ठासायचा. पातं ओल्या फडक्यात गुंडाळून फक्त शेपटी निखाऱ्यात धरायची. फडकं विसरलं तर आच धारेपर्यंत पोचते आणि पाणी दिलेलं पातं मऊ पडतं. शेपटी पुरती तापली की एका दमात मुठीत. लाकूड जळून धूर निघतो, आत लाख उकळते आणि शेंबीच्या कडेनं काळसर फुगा बाहेर येतो. तो अंगठ्यानं पुसायचा. त्या अंगठ्याला काही होत नसे. मग सगळं पाण्याच्या डबड्यात. चुर्र आवाज झाला की काम संपलं. सुट्या पैशांत मजुरी भागायची.

त्या धुराचा वास मी अजून ओळखीन. निम्मा जळक्या लाकडाचा, निम्मा टपाल कचेरीतल्या सीलबंद पाकिटांचा. सीलही लाखेचंच आणि मूठही लाखेची. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर एक किडा हे राळेसारखं द्रव्य सोडतो. साधारण सत्तर अंशांच्या आगेमागे ते मऊ होतं आणि गार झालं की पुन्हा घट्ट. नुसती लाख ठिसूळ असते आणि निवताना आक्रसते, म्हणून विटेची पूड. बंगळूरपासून साठेक किलोमीटरवर चन्नपट्टणला याच लाखेत रंग मिसळून फिरत्या लाकडावर दाबतात. घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळते आणि खेळण्यावर चकाकता थर बसतो. आमच्या सावंतवाडीची लाकडी खेळणी पाहिलेल्यांना हा थर नवा नाही.

तलवारींचंही तेच. हिंदुस्थानी तलवारीची मूठ सबंध धातूची आणि पोकळ. पात्याची शेपटी तिच्यात घालून पोकळी लाखेनं भरत. १६३८ नंतर आदिलशाहीकडून बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. तेव्हा या पेठांतून ज्या तलवारी वावरल्या असतील, त्यांच्या मुठीतही हाच काळा मसाला असणार. पातं तुटलं की मूठ तापवायची, लाख ओघळू द्यायची आणि त्याच मुठीत नवं पातं बसवायचं. चांदीच्या कोफ्तगरी नक्षीची मूठ कोण टाकून देणार? लाख जोडते ती पुन्हा सोडता यावं या बेतानं, आणि हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मात्र स्वयंपाकघरात ती आपला बेत गिऱ्हाइकाला न विचारताच पार पाडायची. सुरी उकळत्या पाण्यात पडली, चुलीच्या कडेला राहिली, की मूठ हातात आणि पातं भाजीत. पावसाळ्यात लाकूड फुगायचं, उन्हाळ्यात आटायचं. फटीतून पाणी शिरून शेपटी गंजायची. मूठ डुगडुगायला लागली की आई शेपटीला चिंधी गुंडाळून ठोकून बसवायची. मला जुन्या वस्तूंचं प्रेम आहे, पण डुगडुगणाऱ्या सुरीनं कच्चा फणस कापून बघा, प्रेम लगेच ओसरतं. त्या मुठीचा मोठेपणा टिकाऊपणात नव्हताच. ती सुटली तर बसवून देणारा माणूस चालत जाण्याच्या अंतरावर होता, एवढंच. पातं झिजून बोटाएवढं होईपर्यंत तीन-चार मुठी पाहायचं.

आरल्डाइट मला पहिल्यांदा भेटलं ते कारखान्यात. पिवळसर, मधासारखं दाट एक द्रव्य आणि त्याचं हार्डनर. मोठ्या डब्यातून घ्यायचं असेल तर काट्यावर तोलून मिसळायचं. या पदार्थाचा जन्म मजेशीर आहे. १९३० च्या दशकात पिएर कास्तां हा स्विस रसायनशास्त्रज्ञ दातांच्या कवळ्यांसाठी चांगली राळ शोधत होता, त्यातून हे इपॉक्सी निघालं. सिबा कंपनीनं ते उचललं. आरल्डाइट हे नाव आलं इंग्लंडातल्या केंब्रिजजवळच्या एरो रिसर्च या कंपनीकडून. विमानाचे भाग खिळे न मारता चिकटवायचे, हा त्या कंपनीचा ध्यास. कवळीसाठी शोधलेली वस्तू विमानवाल्यांच्या हाती लागली आणि तिथून कपबशा सांधायला घरोघरी पोचली.

विमानाचं नाव निघालं की बंगळूर आलंच. १९४० साली डिसेंबरात सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारच्या मदतीनं इथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी केली. तिथे आरंभापासून असलेले डॉ. विष्णु माधव घाटगे आमच्या कोल्हापूरकडचे. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटलच्या हाताखाली शिकलेले. १९५१ साली उडालेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान त्यांच्या आखणीचं. ते धातूचं आणि रिव्हेटांचं. पुढे याच शहरात नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजचं 'हंसा' १९९३ मध्ये उडालं, तेव्हा त्याचं अंग काचतंतू आणि राळेचं होतं. ४ जानेवारी २००१ रोजी इथूनच पहिलं उड्डाण केलेल्या 'तेजस'च्या सांगाड्यात तर वजनानं ४५ टक्के कार्बन कॉम्पोझिट आहे. कार्बनचे धागे धरून ठेवते ती राळ इपॉक्सी कुळातलीच. घरच्या ट्यूबमधल्या आरल्डाइटपेक्षा ती कितीतरी वरच्या दर्जाची असते आणि भट्टीत दाबाखाली शिजवलेली असते, पण घराणं एक.

आमच्या पिढीनं मात्र या घराण्याचा उपयोग बायकांसाठी सुऱ्या करायला केला. कुठल्याही मशीनशॉपमध्ये काम केलेल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही. पॉवर हॅक्सॉची झिजलेली पाती भंगारात पडत. चांगलं हायस्पीड स्टील, दीड-दोन मिलिमीटर जाड, कडक असं की घरी वर्षभर धार लावायला नको. सुपरवायझर जेवायला गेला की ग्राइंडरवर दात घासून काढायचे, धार काढायची आणि मुठीला हायलमचे दोन तुकडे. हायलम म्हणजे फिनॉलिक राळेत कापड नाहीतर कागदाचे थर दाबून केलेला तपकिरी तक्ता. विजेच्या पॅनेलांसाठी तो कारखान्यात असायचाच. पण एक अडचण होती. हे पातं इतकं कडक, की साध्या ड्रिलनं त्याला भोक पडत नाही. टोकाला मुळातलं एक भोक असतं, तिथे एक पितळी रिव्हेट बसला तर बसला. बाकी सगळा भार आरल्डाइटवर. त्या सुऱ्या म्हणजे आरल्डाइटची खरी परीक्षा होती आणि बहुतेक पास झाल्या. ज्यांनी पातं खरखरीत न करता आरल्डाइट तसंच गुळगुळीत पृष्ठभागावर थापलं, त्यांच्या घरी दोन दिवाळ्यांत मूठ पापुद्र्यासारखी सुटली.

घरी आरल्डाइट यायचं पुठ्ठ्याच्या खोक्यात, दोन ट्यूबांत. जुन्या पोस्टकार्डावर दोन्हींतून सारख्या लांबीची रेघ काढायची आणि काडेपेटीच्या काडीनं घोटायचं. पंखा बंद, मुलं दूर. चष्म्याची दांडी, कुकरच्या झाकणाची मूठ, गणपतीच्या मखराचा खांब, सगळं वर्षभर साठवून एकाच दिवशी चिकटवायचं, कारण एकदा कालवलेलं ठेवता येत नाही. कार्डावर उरलेला थेंब दुसऱ्या दिवशी नखानं दाबून बघायचा. तो टणक झाला असेल तर बाकीच्या वस्तूही झाल्या. ही खूण आज महागड्या वर्कशॉपमधली पोरंही वापरतात, हे पाहून मला बरं वाटलं. तेव्हा भारतात आरल्डाइट सिबा-गायगीचं होतं. मग हंट्समनकडे गेलं, आणि २०२० साली फेविकॉलवाल्या पिडिलाइटनं भारतातला तो धंदा विकत घेतला. फेविकॉल, एम-सील आणि आरल्डाइट अशी चिकटपणाची तिन्ही देवस्थानं आता एकाच ट्रस्टकडे आहेत.

आता आजचं. आमच्या सोसायटीतला एक नाशिकचा मुलगा दिवसा सॉफ्टवेअर लिहितो आणि शनिवार-रविवारी शहराबाहेर भाड्यानं घेतलेल्या शेडमध्ये सुऱ्या घडवतो. मला काका म्हणतो. एकदा नेऊन दाखवलं. बेल्ट ग्राइंडर, छोटी गॅसची भट्टी, तोंडाला श्वसनयंत्रासारखा मास्क. मुठीसाठी कपाटात रंगीत तुकडे रचलेले. एक तपकिरी तुकडा उचलून म्हणाला, "काका, हे मायकार्टा. अमेरिकेहून मागवलं." मी तो नखानं खरवडला, हुंगला. हायलमचा सख्खा भाऊ. आमच्याकडे हा भंगारात पडायचा असं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. शिसवीचा मात्र तो फार जपून वापर करतो. शिसवीचं सगळं कूळ २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या बंधनात आलंय, त्यामुळे परदेशी गिऱ्हाइकाला शिसवी मूठ पाठवायची म्हणजे आधी नियम तपासावे लागतात. घिसाडी जे लाकूड हाताला लागेल ते मुठीला वापरायचा, त्याला हे कुठून सुचणार!

चिकटवण्याचा दिवस म्हणजे त्याच्याकडे जवळजवळ सोवळं. त्याच्या सुऱ्यांत शेपटी नसते. पातंच मुठीच्या टोकापर्यंत जातं आणि दोन्ही बाजूंनी फळ्या बसतात. पात्याच्या त्या भागाला तो जास्तीची भोकं पाडतो, म्हणजे दोन्हीकडचं इपॉक्सी भोकातून एकमेकांना भेटतं. मग जाड पॉलिश पेपरनं चरे पाडायचे, ॲसिटोननं पुसायचं आणि त्यानंतर उघडं बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं तरी पकड जाते. हातमोजे दुहेरी कारणासाठी. कच्चं इपॉक्सी कातडीला वारंवार लागलं तर काहींना त्याची कायमची ॲलर्जी जडते. आम्ही उघड्या बोटांनी फासत होतो. सगळ्यांना ते झेपलं असं नाही. आमच्या शॉपमधल्या एकाच्या हातावरचं खाजरं पुरळ सेवानिवृत्तीपर्यंत गेलं नाही आणि आम्ही ते कूलंट ऑइलच्या नावावर खपवलं.

क्लॅम्प तो फार आवळत नाही. टूलरूमवाल्या माणसाला हे बघवत नाही, आमचा हात घट्ट आवळण्याकडे वळतो. पण त्याचं बरोबर आहे. जास्त आवळलं तर सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि सांधा कोरडा पडतो. बाहेर आलेलं तो कापसाच्या काडीनं टिपत राहतो, विशेषतः पात्याच्या बाजूनं, कारण तिथे घट्ट झालेला थेंब नंतर खरवडताना पात्यावर ओरखडे पडतात. आणि पाच मिनिटांत घट्ट होणारं जे इपॉक्सी मिळतं, त्याचं नाव काढलं तरी तो नाक मुरडतो. घाईचं इपॉक्सी ठिसूळ असतं आणि पाण्याला कमी टिकतं, म्हणून चोवीस तासवालंच. डिसेंबरात बंगळूरची रात्र पंधरा अंशांपर्यंत उतरते तेव्हा त्यालाही उशीर होतो. मग पिवळा दिवा लावून खोक्यात ऊब.

एवढं झाल्यावरही त्यात दोन-तीन पितळी पिना असतातच. मी विचारलं, "इतकं मजबूत चिकटवलंस, मग पिना कशाला?" तो म्हणाला, "काका, खरी धरतात पिनाच. इपॉक्सी मुख्यतः पाणी आत जाऊ नये म्हणून." हे ऐकून मी चमकलो. कारण घिसाड्याच्या मुठीतही शेपटीला धरून ठेवण्यात मोठा वाटा जळून घट्ट बसलेल्या लाकडाच्या भिंतीचा आणि वरच्या शेंबीचा. लाख फट बुजवायची. साडेतीन-चारशे वर्षं आणि कवळीपासून विमानापर्यंतचा प्रवास झाल्यावर गोंदाचं काम तेच राहिलं. बदलली ती मुठीची किंमत. तेव्हा मूठ हा सुरीचा खर्ची पडणारा भाग होता, आता शोभेचा. त्या मुलाची एक सुरी काही हजारांना जाते आणि गिऱ्हाईक महिना-दोन महिने थांबतं. घिसाड्यापुढे उभं राहून मला पाच मिनिटं जड जायची, हे गिऱ्हाईक फोनवर सुरीचे फोटो बघत आनंदानं थांबतं. थांबण्याचेही पैसे लागतात असं म्हणायला हरकत नाही.

आणि दुरुस्ती? त्याच्याकडे कुणी सुरी परत आणतच नाही. मूठ सुटत नाही हा त्याचा अभिमान आहे. सुपरमार्केटात मिळणाऱ्या प्लास्टिक मुठीच्या सुरीचं तर बोलायलाच नको. तिचं प्लास्टिक शेपटीभोवती ओतलेलंच असतं, मोडली की कचरा.

गेल्या पावसाळ्यात बेळगावचं घर आवरताना आईची सुरी सापडली. म्हशीच्या शिंगाची मूठ, उभी तडकलेली, पातं निम्मं झिजलेलं. मी ती त्या मुलाकडे दिली. त्यानं हीटगन आणली, मी म्हटलं नको, गरम पाणी पुरे. पातेल्यात धरली, थोड्या वेळानं मूठ अलगद निघून आली आणि आतून तो काळा-तांबडा गोळा दिसला. त्यानं तो बोटांत चुरडला. "यात वीट आहे?" मी हो म्हटलं. मग म्हणाला, इपॉक्सीची मूठही उकळत्या पाण्यानं हलते, पण ते नुसतं रबरासारखं होतं. हे तर वितळून पुन्हा वापरता येईल. त्याच्या डोळ्यांत नवीन खेळणं मिळाल्याची चमक होती.

"काका, लाख मिळते अजून? परत लाखेनंच बसवू? चन्नपट्टणला जाऊन आणतो. अस्सल होईल एकदम."

अस्सल होईल यात शंका नाही. पण आमच्या घरी आता भांडी गरम पाण्याखाली धुतात, सुनेला घाई असते, आणि तिचा घिसाडी मार्केटमागे बसत नाही. मी म्हटलं, "आरल्डाइटच लाव. चोवीस तासवालं. आणि घाई करू नकोस, दिवाळीपर्यंत मिळाली तरी चालेल."